उत्तरेच्या पठारावरची कोल्ही

पठारावर पोचून अर्धा तासही झाला नव्हता आणि मी एका कोल्हीला बेसनाचा लाडू खाऊ घातला होता. खरं म्हणजे अर्धाच. पहिला अर्धा मी खाल्ला, उरलेला तिच्या पुढ्यात टाकला. पण गुन्हा म्हणून मोजायचा झाला तर अर्धा काय नि सबंध काय.

माझी बाजूही ऐकून घ्या. कुणी टक लावून बघत असताना त्याला दिल्याशिवाय खाल्लं तर पोटात दुखतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. आमची आई प्रवासात डबा उघडायची तो आधी समोरच्या अनोळखी माणसापुढे धरायची. आणि इथे चार तासांची चढण चढून मी डोंगरावरच्या मुक्कामाच्या झोपडीबाहेर बाकावर बसतो, डबा उघडतो, लाडू तोंडात घालतो, तर दहा पावलांवर एक तांबूस, सडपातळ कोल्ही बसलेली. पुढचे पाय काळे, जसे मोजे घातलेत. बघतेय. माझा हात आपसूक पुढे गेला. डोक्याला विचारलंच नाही.

"बाबा, दामे!" आमची कन्या किंचाळली. दामे म्हणजे नाही, असलं करायचं नाही. "शाळेत पहिलीपासून शिकवतात हे!"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस?"

तेवढ्यात झोपडीतून तिथला रखवालदार धावत आला. साठीचा गृहस्थ, गळ्यात टॉवेल, एका हातात अॅल्युमिनियमचं पातेलं, दुसऱ्यात डाव. त्याने पातेलं असं बडवलं की माझ्या घशातला लाडू तिथेच थांबला. कोल्ही पळाली, पण तोंडात लाडू घेऊन. आणि शेजारच्या बाकावरून आवाज आला, खटक. अंगभर खिसे असलेलं जाकीट घातलेला, गळ्यात दोन कॅमेरे अडकवलेला एक फोटोग्राफर तिथे बसला होता. त्या क्षणी त्या पठारावर खूश असलेला तो एकटाच माणूस.

हे नव्वदच्या दशकातलं. आम्ही तेव्हा जपानात, त्सुकुबाला राहत होतो. मी तिथल्या एका संशोधन संस्थेत करारावर होतो, बायको सकाळी एका बेकरीत पार्टटाइम जायची, आणि अकरा वर्षांची मुलगी तिथल्या शाळेत जाऊन इतकी तिथली झाली होती की मराठीत विचारलं की जपानीत उत्तर यायचं. ऑगस्टमध्ये ओबोनची, म्हणजे त्यांच्या पितरांची सुट्टी असते. संस्था बंद. त्यात मला डोंगर बघायची हौस. जुनी गाडी ओआराईच्या बंदरावर बोटीत चढवली, उत्तरेच्या होक्काइदो बेटावर उतरवली, दिवसभर हाकली, पुढे रोपवे, आणि त्यापुढे माझे गुडघे. झोपडीत तीन रात्रींचं बुकिंग होतं. आत चटया, बाहेर संडास. कचरा ज्याचा त्याने खाली परत न्यायचा. आम्ही शाकाहारी म्हणून बायकोने चार दिवस पुरतील इतक्या दशम्या, चटणी, मेतकूट आणि ते लाडू असा सगळा डोलारा बरोबर घेतला होता.

रखवालदाराने मला झापलं. पण कसं, तर अतिशय अदबीने. मला तो 'ओतोसान' म्हणत होता, म्हणजे वडील, लेकरंबाळं असलेल्या माणसाला म्हणतात तसं. ओतोसान, आपण लांबून आलात, थकला असाल, आपल्या देशाच्या चालीरीती वेगळ्या असतील, परंतु... हा परंतु दहा मिनिटं चालला.

"काय म्हणतोय?" मी मुलीला विचारलं.

"चुकलं म्हणतोय."

"इतका वेळ बोलला आणि एवढंच?"

"बाकीचं सगळं सॉरी सॉरी आहे."

मग बायकोने मधे पडून नीट काढून घेतलं, बेकरीत तिचं जपानी माझ्यापेक्षा सुधारलं होतं. प्रकरण असं होतं. गेल्या उन्हाळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी या कोल्हीला बिस्किटं, भाताचे गोळे देऊन देऊन सवय लावली. तिची तीन पिल्लं होती. आई माणसापुढे बसते म्हणून पिल्लंही बसायला शिकली. पानगळ सुरू झाली, वरची माणसं संपली, तशी पिल्लं खाली मोटाररस्त्यावर गेली आणि गाड्यांसमोर बसू लागली. एक गाडी थांबते, खिडकीतून काहीतरी टाकते. दुसरी थांबते. तिसरी थांबत नाही. बर्फ पडायच्या आत तिन्ही संपली. या वर्षी पुन्हा पिल्लं झाली आहेत, दोन. म्हणून जूनपासून हा माणूस, ती झोपडीच्या जवळ आली की पातेलं बडवतोय. गेले बारा दिवस ती फिरकली नव्हती. बारा, असं त्याने बोटांनी दोनदा दाखवलं, मला आकडे कळत नसावेत म्हणून.

इतकं ऐकल्यावर भल्या माणसाला स्वतःचा राग येतो. मला म्हाताऱ्याचा आला. अर्ध्या लाडवासाठी पोरीदेखत, बायकोदेखत, त्या कॅमेरेवाल्यादेखत! मी मराठीत म्हणालो, "बारा दिवसांची तपश्चर्या अर्ध्या लाडवाने मोडत असेल तर तपश्चर्याच कच्ची."

"गप बसा," बायको म्हणाली. "सुमिमासेन म्हणा, माफी मागा, आणि हात धुवा."

हात यासाठी, की तिथल्या कोल्ह्यांच्या पोटात एक जंत असतो, तो माणसाच्या यकृतात घर करतो. त्यापायी तिथल्या झऱ्याचं पाणीसुद्धा उकळून प्यावं लागतं. बर्फातून निघालेलं, तळाचा खडान्खडा दिसणारं पाणी, आणि म्हणे उकळा. मला त्या पाण्याचाही राग आला. त्या दिवशी मला कशाचाही आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तोच रखवालदार म्हणाला, चला, पठार दाखवतो. बहुधा आदल्या दिवशीच्या अदबीची भरपाई. मी तोंड फुगवून मागून चाललो, आणि पहिल्या पाऊण तासात माझं फुगलेलं तोंड उघडंच राहिलं.

आमच्याकडच्या सड्यांवर श्रावणात फुलं येतात ती मी पाहिली आहेत. पण त्या फुलांना पाऊस असतो, ऊब असते. इथे उघड्या आभाळाखाली मैलोन्‌मैल सपाट माळ, कडेला वाफा सोडणारे ज्वालामुखी, घळींत ऑगस्टमध्येही मळक्या चादरीसारखा पसरलेला बर्फ. हिवाळ्यात वारा इतका, की माळावर बर्फ ठरत नाही, आणि बर्फाचं पांघरूण नाही म्हणून जमीनच गोठते. रखवालदाराने एका दलदलीत लोखंडी सळई खुपसली. हातभर गेली आणि ठप्प. खाली बर्फाचा कातळ. वरच्या तेवढ्या हातभर मातीत सगळा संसार. पाइनचं झाडसुद्धा गुडघ्याच्या वर येत नाही, जमिनीवर सरपटतं. त्याची करंगळीएवढी फांदी माझ्याहून वयाने मोठी असेल, असं तो म्हणाला. मी त्या फांदीवर पाय देऊन उभा होतो. पाय काढला.

वारा असलेल्या बाजूला, जिथे गवताची काडी उगवत नाही, तिथे भुरभुर्‍या रेतीत एक गुलाबी फूल होतं. एकेक रोप सुटं सुटं, कुणाचा कुणाशी संबंध नाही. बर्फ वितळलेल्या ओलीत मात्र पांढऱ्या-पिवळ्या फुलांचे गालिचे. मोठ्या दगडांच्या राशीतून मधेच शिट्टी आली. मुलगी जागच्या जागी बसली. मुठीएवढा, आखूड गोल कानांचा, शेपटी नसलेला प्राणी तोंडात गवताची काडी आडवी धरून दगडावर आला, आमच्याकडे बघून परत शिट्टी मारली आणि फटीत गेला. हा सशाचा भाऊबंद म्हणे. हिवाळाभर झोपत नाही, म्हणून उन्हाळ्यात गवत वाळवून फटीत साठवतो. दूर घळीतल्या बर्फाच्या कडेला एक तपकिरी ठिपका माती उकरत होता. दुर्बिणीतून बघितलं तर अस्वल. मी दुर्बीण परत दिली, ती जरा घाईनेच.

मग त्याने आम्हाला एका उंचवट्याआड झोपवलं आणि बोट दाखवलं. लांब, सरपटणाऱ्या पाइनच्या कडेला, आमची कोल्ही. आणि तिच्या मागे दोन पिल्लं, आता जवळजवळ तिच्याएवढी, पण चाल अजून पोरकट. ती कान रोखून गवतात उभी राहायची, उंच उडी मारायची, नाकावर उतरायची. उंदीर. पिल्लं तशीच उडी मारायची आणि तोंडात गवत घेऊन उठायची.

रखवालदार हळू आवाजात बोलला. बायकोने सांगितलं, "म्हणतोय, पानगळीपर्यंत ती आईबरोबर असतात. काय खायचं आणि कशाला भ्यायचं, ते तोवर शिकतात. नंतर शिकवणारं कुणी नसतं."

तिथे मला, चोवीस तास उशिरा, स्वतःचा राग आला. चांगला कडकडून. आणि मनातल्या मनात त्या माणसाशी मी समेट करून टाकला.

तो संध्याकाळपर्यंत टिकला. आम्ही झोपडीशी परतलो तर कोल्हीबाई बाकापाशी हजर. बायकोजवळून गेली, मुलीजवळून गेली आणि माझ्यासमोर येऊन बसली. माझं ओळखपत्र तिच्या नाकात होतं. रखवालदाराने पातेलं बडवलं. ती दचकली, चार पावलं पळाली आणि लपली. कुठे? माझ्या पायांमागे! बायको तोंडावर पदर नसताना पदर धरल्यासारखा हात धरून हसत होती. मला हसू आलं नाही. जूनपासून ज्या माणसाने तिला भीती शिकवली, त्याच्यापासून वाचायला ती माझ्याआड आली होती. रखवालदार पातेलं खाली करून आत गेला. झापलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं उठत होतं. मी तोंड धुवायला म्हणून झोपडीमागे गेलो, तर फुलांच्या गालिच्यापाशी तो फोटोग्राफर पालथा पडलेला. कॅमेरा तिकाटण्यावर, आणि त्याच्या हातात माशाचं सॉसेज. त्याचे तुकडे तो एका दगडाआड ठेवत होता, म्हणजे कोल्ही आली की तोंड नेमकं फुलांच्या वर येईल, आणि खाणं फोटोत दिसणार नाही. ही त्याची तिथली पहिली सकाळ नव्हती. शेजारी सॉसेजच्या सालींचा पुंजका होता.

म्हणजे त्या बारा दिवसांचं कर्ज माझ्या एकट्याच्या डोक्यावर नव्हतं! आधी मला, खोटं कशाला सांगू, किंचित हायसं वाटलं. मग माझं टाळकं फिरलं. मला अर्ध्या लाडवासाठी दहा मिनिटं, आणि हा इथे रोज पंगत घालतोय.

आता भांडायचं कसं? माझं जपानी सगळं मीटिंगमधलं. त्यात क्षमा मागता यायची, आभार मानता यायचे, अहवालाला उशीर होईल हे नम्रपणे कळवता यायचं. डाफरायला मला कुणी शिकवलं नव्हतं. मी मुलीला हाक मारली. ती डोळे चोळत आली, मागून बायको, आवाजाने रखवालदारही.

"त्याला सांग, लाज वाटते का म्हणावं. पिल्लं मरतील याची. एका फोटोपायी!"

मुलगी त्याच्यासमोर गेली, किंचित वाकली आणि हलक्या आवाजात सहा-सात शब्द बोलली.

"मी एवढंच म्हणालो?"

"तसं नाही बोलता येत, बाबा. ते मोठे आहेत."

"मी पण मोठा आहे!"

"तू आमच्यातला आहेस."

फोटोग्राफर शांतपणे उठला. गुडघे झटकले. हसून म्हणाला, आणि हे मला दुभाष्याशिवाय कळलं, की ओतोसानचा त्या दिवसाचा फोटो अप्रतिम आला असणार. परदेशी पाहुणा, हातात गोड खाऊ, समोर कोल्ही, मागे बर्फ. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरला तोच देणार. एक प्रत पाठवेन, पत्ता द्या.

म्हणजे आता मी भिंतीवर बारा महिने कोल्हीला लाडू देणार, आणि ते बघून किती गाड्यांच्या खिडक्या उघडणार! "रोल दे," मी मराठीत ओरडलो. "आत्ताच्या आत्ता रोल काढून दे!" हात पुढे केला होता, त्यामुळे त्यालाही दुभाष्या लागला नाही. त्याने कॅमेरा छातीशी घेतला आणि मान हलवली.

मी रखवालदाराकडे वळलो. आता बडव पातेलं. माझ्यावर बडवलंस ना? रखवालदार पुढे झाला आणि त्या माणसापुढे कमरेत वाकला. त्याला तो 'सेन्सेइ' म्हणाला, गुरुजी. गुरुजी, पाहुण्यांना भाषा येत नाही, गैरसमज झाला असावा, क्षमस्व.

तो राग अजून माझ्या हाडांत आहे. इतकी वर्षं झाली, हे लिहिताना कान तापलेत. साली पडलेल्या समोर दिसतायत, आणि क्षमा माझ्या वतीने मागितली जातेय! मी बायकोला म्हटलं, विचार त्याला, मला दहा मिनिटं आणि याला सेन्सेइ, हा काय न्याय?

तिने विचारलं. बरंच सौम्य करून विचारलं असणार. तो जमिनीकडे बघत बोलला. झोपडी खालच्या गावाची, गावाचं कॅलेंडर सेन्सेइ काढतात, ते बघून माणसं वर येतात. मी पगारी माणूस. मी कोल्हीला घाबरवू शकतो, सेन्सेइंना नाही.

आणि नेमकी तेव्हाच ती आली. धुक्यातून, फुलांच्या कडेकडेने. सॉसेजच्या दगडाकडे तिने पाहिलं, आणि तो ओलांडून सरळ माझ्याकडे. तीन पावलांवर बसली. मागे, पाइनच्या कडेला, दोन जोड कान उभे होते. बघत होते.

"ओतोसान, हलू नका! तसेच, तसेच!" फोटोग्राफरने कॅमेरा उचलला.

हाताला लागला तो दगड मी उचलला आणि फेकला. आयुष्यात मी कधी आंबा पाडलेला नाही. क्रिकेटमध्ये मला सीमारेषेवर उभं करायचे ते तिथून मला चेंडू फेकता येत नाही हे ठाऊक असून. त्या दिवशी नेम लागला. मागच्या मांडीवर. ती किंचाळली, कुत्र्याच्या पिल्लासारखी, आणि तीन पायांवर पळाली. ते दोन जोड कान तिच्या आधी नाहीसे झाले.

कॅमेऱ्याचा आवाज आला नाही. मग रखवालदार माझ्यासमोर आला आणि वाकला. सेन्सेइंपुढे वाकला होता त्याहून खाली. "आरिगातो गोझाइमास," म्हणाला, म्हणजे आभारी आहे. मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं.

मुलगी माझ्याकडे बघत होती. ती मराठीत बोलली, सबंध वाक्य, न अडखळता. "बाबा, ती तुझ्याकडे आली होती."

फोटोग्राफर त्याच दुपारी सामान बांधून खाली गेला, तो रोल घेऊन. कॅलेंडर निघालं की नाही मला माहीत नाही, मी चौकशी केली नाही. दुसऱ्या दिवशी निघताना रखवालदार दुर्बीण घेऊन धावत आला. सकाळी ती लांब माळावर दिसली, लंगडतेय पण उंदीर धरतेय, झोपडीकडे मान वळवत नाही. तो खूश होता. मी त्याला सुमिमासेन म्हणालो, कशाबद्दल ते त्याने विचारलं नाही.

परतीच्या बोटीवर आम्ही उन्हात डेकवर बसलो होतो. मुलगी लांब कठड्याशी, पाठ करून. मी तासभर बोलत होतो. तो फोटोग्राफर कसा नीच, तो रखवालदार कसा लाचार, गावच्या कॅलेंडरपायी कोल्ह्यांचे जीव घेणारी माणसं कशी असतात, आणि शेवटी कुणीतरी मन घट्ट करून तिला भीती घालायलाच हवी होती, पिल्लांसाठी, ते काम माझ्यावर आलं, मी केलं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्या हातात दिला.

"अहो," ती म्हणाली, "लहान दगडही पुष्कळ होते तिथे."